सोंगाला नाव नसतं

होळीच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्याने, धर्माजीने, शेवटचं सांगून टाकलं. "धुळवडीला एक जरी सोंग आपल्या दारात आलं, तर ऱ्हायचं. न्हाय आलं, तर पाडव्याच्या आत रेवसला जाऊन लाँच धरायची आनि मुंबय गाठायची. भाऊच्या धक्क्यावर पाट्या उचलीन, पन हितं मुक्यानं मरनार न्हाय."

मी चुलीत फुंकर घालत होते. म्हटलं, "बरं."

बरं म्हटलं खरं, पण मला जायचं नव्हतं. या खाडीच्या तोंडाशी माझा जन्म झाला. माहेर आणि सासर एकाच पाड्यात, मध्ये फक्त चार घरं. मुंबईला मी एकदा गेले होते आणि दोन दिवसांत मला मातीचा वास येईना म्हणून रडत परत आले होते. तिकडे जाऊन काय करायचं, कोणाच्या खोलीत अंग चोरून राहायचं, हे मला सुचत नव्हतं.

आमचं घर दहा महिने वाळीत होतं. कारण सांगते. खाडीच्या तोंडाशी जाळी बांधायचे खुंट असतात आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. पाटलाने आपला एक खुंट आमच्या जागेत ठोकला. धर्माजीने गावपंचांपुढे जायला हवं होतं. पण पंचांत मोठा पंच पाटीलच, म्हणून हा शहाणा उठला आणि तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन आला. स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली होती, त्याला वाटलं आता कागदाने सगळं होतं. साहेबाने कागद वाचला, "बघतो" म्हणाला, आणि तो अजून बघतोच आहे. इकडे पंच बसले. गावची गोष्ट गावाबाहेर नेली म्हणून आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आमच्या हातचं काही घ्यायचं नाही. जो घेईल, त्याचंही घर वाळीत.

लोक वाईट नव्हते. भ्याले होते. पण भ्यालेल्या माणसाचं तोंड आणि वाईट माणसाचं तोंड दुरून सारखंच दिसतं, आणि मला सगळे दुरूनच दिसायचे. धर्माजीच्या होडीवर कोणी येईना. डोल, म्हणजे खुंटांना बांधायचं मोठं पिशवीसारखं जाळं, एकट्याने ओढता येत नाही, म्हणून तो काठाकाठाने जे मिळेल ते पकडायचा आणि मी ते सुकवायची.

सगळ्यात जास्त राग मला माझ्या आईचा यायचा. काशी तिचं नाव. माझा भाऊ तुकाराम पाटलाच्या होडीवर होता, त्याच्यावर तिचं घर चालायचं, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं हे मला कळत होतं. कळत असूनही राग येत होता. विहिरीवर ती मला बघायची आणि पदर पुढे ओढून दुसरीकडे तोंड करायची. दहा महिने! जिने मला उवा काढता काढता टपल्या मारल्या, ती माझ्यासमोरून परक्या बाईसारखी कळशी घेऊन जायची. घरी येऊन मी भांडी आपटायची. धर्माजी म्हणायचा, "भांड्यांनी काय केलंय?"

तर धुळवड. आमच्याकडे धुळवडीला पोरं सोंगं घेतात. तोंडाला काजळ, चुना, कुंकू, अंगाला गोणपाट, काथ्याच्या दाढ्या, सुपाच्या टोप्या. पाड्याच्या वरच्या टोकापासून निघतात आणि दारोदार मागत खाली समुद्रापर्यंत येतात. प्रत्येक घराने काहीतरी मूठभर द्यायचं. जे घर देणार नाही, त्याच्या नावाने बोंब ठोकायची. आणि एक नियम आहे, तो आमच्या आज्याच्याही आधीचा. सोंगाला नाव नसतं. आपला पोटचा पोर समोर उभा असला तरी त्याला ओळखायचं नाही. कोणी चुकून नाव घेतलं, तर त्या सोंगाने तिथल्या तिथे तोंड उघडं करायचं आणि त्या वर्षापुरतं त्याचं सोंग संपलं.

पाड्यात पोरं होती साठेक. पाटलाकडे पुरणपोळीचा तुकडा आणि खोबरं मिळायचं. बाकी घरं बत्तासे, चणे, कोणी गुळाचा खडा द्यायची. माझ्याकडे काय होतं? एक डबा सुकट आणि एक नारळ.

सुकट घेऊन मी मोहल्ल्यात गेले. खाडीच्या पलीकडच्या अंगाला मुसलमानांची वस्ती आहे, तिथे हमदुल्ला शेठचं दुकान. शेठ बहुतेक मुंबईला असायचे, दुकानावर त्यांची बायको तैयबा बसायची. गोरी, जाड, आणि बोलण्यात कोणाच्या बापाला न ऐकणारी. गेले दहा महिने मी तिच्याशी बोलत होते म्हणून माझी जीभ शाबूत होती.

"काय देऊ?" तिने सुकट तागडीत घालत विचारलं.

"साठ पोरांना पुरंल असं काय हाय?"

ती हसली. "यवढ्या सुकटीत? साठ पोरांना वासच पुरंल."

मग आम्ही दोघींनी मिळून हिशेब लावला. बत्तासे घेतले तर वीस पोरांतच संपतील. चणे वजनाला जड. कुरमुऱ्यांचा मात्र एक गुण चांगला, वजनाला काही नसतात आणि डोळ्याला ढीग दिसतात. तेव्हा कुरमुरे घ्यायचे, उरलेल्याचा गूळ घ्यायचा आणि लाडू वळायचे. गूळ अर्धा शेरच आला.

"केसरबाय, पोरं येतील?" पुडी बांधता बांधता तैयबाने विचारलं.

"येनार न्हाईत."

"मंग यवढा घोर कशाला?"

"आली तर माजा हात रिकामा नको."

डब्यातून तिने दोन मुठी फुटाणे काढून माझ्या पदरात टाकले. "हे माज्याकडून. तुमच्या पंचांना बोल, तैयबानं दिलं. वाळीत टाकायचं असंल तर हितं या, चहा पाजते."

धुळवडीच्या सकाळी मी लाडू करायला बसले. कुरमुऱ्यांचा लाडू दिसायला सोपा, पण गूळ कमी असला की जिवाशी येतो. पाक कच्चा राहिला तर कुरमुरे मऊ पडतात, जास्त झाला तर परातीतच दगड होतो. मी पाक कडक होईस्तोवर आटवला, कुरमुरे, फुटाणे आणि खवलेलं खोबरं घातलं आणि हाताला पाणी लावून घाईघाईने वळत सुटले. तळहात भाजले. लिंबाएवढे पस्तीस लाडू झाले आणि गूळ संपला. बाकीचं भुसभुशीत, मुठीत धरलं की बोटांतून गळायचं. तेवढ्यासाठी मी फणसाची पानं आणली, त्यांचे कोन वळून नारळाच्या हिराच्या काड्या टोचल्या आणि त्यात भरलं. असे सव्वीस कोन झाले. पस्तीस आणि सव्वीस, एकसष्ट.

धर्माजी दारात जाळं सांधत बसला होता. त्याने एक लाडू उचलून उजेडात धरला. "लाडू हाय का सुपारी?"

"तुमच्या कमाईयवढा हाय. ठेवा खाली."

त्याने निमूट ठेवला. दहा महिन्यांत आम्ही एकमेकांना हसवायचं मात्र सोडलं नव्हतं, नाहीतर वेड लागलं असतं.

दुपार उतरली आणि वरच्या अंगाला डबे वाजायला लागले. मी लाडू आणि कोन सुपात मांडले, लुगडं नीट केलं आणि दारात उभी राहिले. आमचं घर वाटेच्या शेवटी. त्याच्या पुढे केवड्याची बेटं आणि मग वाळू.

पोरं दिसली. पुढे वाघ, पिवळ्या मातीचा. मागे दोन अस्वलं, सुपाची टोपी घातलेला एक साहेब, लुगडी नेसलेले पोरगे, पगड्या घातलेल्या पोरी. शेजारच्या दारात पोरं उभी राहून ओरडली,

"दे बाय दे, मूठभर दे,
न्हाय देनार तिनं बोंब घे!"

शेजारणीने बत्तासे दिले. मग सगळी पोरं आमच्या दारासमोरून माना खाली घालून धावत गेली. थांबलं कोणी नाही. सूप बघितलं सगळ्यांनी, पण थांबलं कोणी नाही.

ते मी धरूनच चालले होते. पण एक गोष्ट मी धरली नव्हती. त्यांनी बोंबसुद्धा ठोकली नाही. कंजूष घराला बोंब मिळते, भांडखोर घराला मिळते, गावात ज्याचं कोणाशी पटत नाही त्यालाही मिळते. आम्हाला तीही नाही. शिवी द्यायच्या लायकीचंही आमचं घर उरलं नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर धर्माजी जाळं गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे मुंबई ठरली, हे मला कळलं.

आता, आमच्या पुढे वाट नाही. पोरं वाळूवर गेली, नाचली, आणि त्यांना परत यायला आमच्याच दारावरून यावं लागणार होतं. तेवढ्या वेळात माझ्या रागाने डोकं वर काढलं. माझा राग भांड्यांवर निघतो तेव्हा वाया जातो, त्या दिवशी कामाला आला. पोरं केवड्याजवळ आली तशी मी ओट्यावरून खाली उतरले आणि मोठ्याने हाक मारली.

"ए वाघा! ए सायबा! तुमी कोन हाय, मना ठावं न्हाय! तुमची घरं कंची, मना ठावं न्हाय! वाळीत मानसांना बोलायची बंदी हाय. वाघाला कोनी बंदी केली?"

पोरं थबकली. त्यांच्या मागून पाटलाची वहिनी आवडाबाई येत होती. पोरांवर लक्ष ठेवायला म्हणून तिला पाठवलं होतं, आणि ती ते काम मन लावून करत होती. ती माझ्याशी बोलू शकत नव्हती, म्हणून पोरांकडे बघून बोलली. "चला रं! कोनी थांबायचं न्हाय! मना दिसतंय सगळं कोन कोन हाय ते!"

"दिसतंय तर घ्या नाव," मी आभाळाकडे बघत म्हटलं. "सोंगाचं नाव धुळवडीला घ्या भर वाटंवर. पाटलाच्या घरातनं पहिल्यांदा."

आज्याच्या आधीचा नियम पाटलाच्या घरातून मोडला असं म्हणवून घ्यायची आवडाबाईची छाती नव्हती. ती वाघाकडे बघत होती, आणि वाघ कोण होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. तो तिचाच नातू होता.

वाघाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सुपाकडे. मग तो चार पायांवर झाला आणि रांगत माझ्या दारात आला. मी त्याच्या पंजावर लाडू ठेवला.

पुढे काय विचारता! सगळं रान माझ्या अंगणात आलं. मी वाटत गेले. लहानांना लाडू, मोठ्यांना कोन, कारण मोठ्यांना सांडता सांडता खायची अक्कल असते. एक अस्वल दोनदा आलं, दुसऱ्यांदा शेपूट पुढे घेऊन. मी ओळखलं, पण अस्वलाचं नाव मला माहीत नव्हतं, दिला आणखी एक. धर्माजी दारात येऊन उभा राहिला होता. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. मला वाटलं, झालं, राहिलो आपण इथेच.

लाडू संपले. सुपात एकच कोन उरला.

पोरं पांगायला लागली तेव्हा मागून एक म्हातारा आला. उंचीवरून पोर नव्हे, कोणीतरी मोठं होतं. जुना काळा कोट, डोक्याला फेटा, डोळ्यांपर्यंत काथ्याची दाढी आणि हातात काठी. आमच्याकडे मोठी माणसंही क्वचित सोंग घेतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. म्हातारा काही बोलला नाही. त्याने हात पुढे केला. मी शेवटचा कोन त्याच्या हातावर ठेवला.

त्याने काडी काढली, पान उलगडलं, त्यातली एक चिमूट घेतली आणि डाव्या हाताने समुद्राच्या बाजूला टाकली. मग उरलेलं दाढीआड तोंडात घातलं.

माझा बाप बारा वर्षांपूर्वी वादळात गेला, त्याचं काही हाती लागलं नाही. तेव्हापासून पाड्यात एकच माणूस असं करतं. काहीही खाण्याआधी पहिली चिमूट डाव्या हाताने समुद्राकडे.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आये!"

पोरं जिथल्या तिथे उभी राहिली. डब्यांचा आवाज थांबला. मी तोंडावर हात मारला, पण शब्द गेला होता. अर्ध्या घटकेपूर्वी मीच आवडाबाईला नियमाने बांधून घातलं होतं, आणि तो नियम मोडला कोणी, तर मी. दुसऱ्या कोणाचं नाही, माझ्या आईचं नाव उघड केलं. ती सोंग म्हणून आली होती, खाऊन निघून गेली असती, कोणाला कळलं नसतं. आता तिला तोंड उघडं करावं लागणार, आणि माझ्या हातचं खाल्लेलं सगळ्यांनी पाहिलेलं. तुकारामदादाचं काम जाणार. दहा महिने तिच्यावर रागावले होते, तो सगळा राग उलटून माझ्याच अंगावर आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही आमची काशी," आवडाबाई पोरांना म्हणाली. तिचा आवाज मात्र चढला नाही. तिलाही ते बघवत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. "बघितलं सगळ्यांनी."

आईने काठी भिंतीला टेकवली. दाढीची गाठ मानेमागे होती, ती तिला सुटेना. मी पुढे झाले आणि माझ्या हातांनी ती सोडली. दाढीखाली तिची हनुवटी, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके. दहा महिन्यांत ती किती वाळली होती! कोट माझ्या बापाचा होता.

"काशी," आवडाबाई हळू म्हणाली, "सोंग व्हतं म्हून सांग. नाव पोरीनं घेतलं, तू न्हाय घेतलंस. मी पाटलाला समजावते."

आई तिच्याकडे वळली. "खाल्लं ते सोंगानं खाल्लं," ती म्हणाली. "आता काशी खाते." आणि पानाला चिकटलेले चार कुरमुरे तिने बोटाने गोळा करून, उघड्या तोंडाने, सगळ्यांकडे बघत खाल्ले. मग ती आमच्या ओट्यावर बसली. "केसर, पानी आन."

मी घरात धावले. तांब्या समोर होता तरी मला सापडेना. धर्माजीने भरून माझ्या हातात दिला. आईने तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. आवडाबाईने पोरांना पुढे घातलं आणि ती वर निघून गेली.

मग आई माझ्याकडे बघून म्हणाली, "गूळ यवढा कमी घालतात व्हय गं? कसले लाडू ते! मना बोलली असतीस तर मी दिला नसता?"

मना बोलली असतीस! मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी पंच बसले आणि आईचं घर वाळीत गेलं. तुकारामदादाला पाटलाच्या होडीवरून उतरवलं. तो संध्याकाळी आमच्याकडे आला, अंगणात धर्माजीशेजारी बसला आणि न विचारता जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. पाडव्याच्या आत दोघांनी मिळून डोल पाण्यात सोडली. आई पहाटे माझ्या दारात यायची, आणि वाळीत टाकलेली आम्ही दोन घरं सबंध पाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने भांडायचो.